लिंकनची मिशी आणि फ्लॉरेन्सचा दिवा

अब्राहम लिंकनला मी मिशी लावली होती. भरघोस, टोकं वर वळवलेली, आमच्या गावच्या पोलीस पाटलाला शोभेल अशी. त्या अमेरिकन अध्यक्षांना दाढी होती पण मिशी नव्हती, हे साऱ्या जगातल्या शाळकरी पोरांना ठाऊक होतं, मला नव्हतं. शाळेच्या ज्ञानकोशातल्या चित्राची झेरॉक्स माझ्या हातात होती. ओठावर काही नाही हे मला दिसत होतं. पण मी ठरवलं, झेरॉक्सवाल्याची शाई संपली असणार. एवढा मोठा माणूस, एवढी दाढी, आणि मिशी काढून फिरेल? दाढी राखून मिशी काढलेले म्हातारे मला बहरीनमध्ये मनामाच्या बाजारात रोज दिसत. तरीही लिंकनच्या बाबतीत मी झेरॉक्सवाल्याचीच चूक धरली आणि काळी लोकर विंचरून ती स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

ही गोष्ट मी चारचौघांत हसत सांगते. तिच्या पुढच्या वर्षी जे झालं ते सांगत नाही. अंकासाठी लिहायला बसले तेव्हा सुनेने बजावलं, "आई, गमतीचं लिहा, दिवाळी आहे." तर आधी गमतीचं लिहिते. नंतरचं तिने वाचलं नाही तरी चालेल.

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला गुदैबियातल्या एका फ्लॅटमध्ये राहत होतो. आमचे हे तुबलीच्या एका गॅरेजमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मी घरी पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायचे. शेजारणीच्या मुलाला फॅन्सी ड्रेससाठी कोट शिवून दिला, त्याला बक्षीस मिळालं, आणि माझं नशीब फिरलं. दोन शाळांमधल्या आया दारात उभ्या राहू लागल्या. तेव्हाची मी म्हणजे पंचेचाळिशीची, मेंदीने केशरी झालेले केस, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असूनही बोलणं चालूच. स्वतःला 'कॉस्च्युम डिझायनर' म्हणवून घ्यायची. कार्डंसुद्धा छापली होती. ती पुढे कित्येक वर्षं डब्यांच्या झाकणाखाली चिकटून बसली.

आपले पुढारी जानेवारीत लागायचे, प्रजासत्ताक दिनाला. पण त्या इंग्रजी शाळांची मोठी स्पर्धा असायची ती इंग्लंड-अमेरिकेच्या थोरामोठ्यांची. स्टेजवर यायचं, मी अमुक अमुक असं सांगायचं, चार वाक्यं बोलायची, वाकून नमस्कार करायचा. त्यामुळे माझ्या शिलाईच्या खोलीत वॉशिंग्टन, नेल्सन, न्यूटन, व्हिक्टोरिया राणी असे सगळे हँगरला लटकलेले असत. टोप्या बकरमच्या, केसांचे टोप कापसाचे, दाढ्या लोकरीच्या. या धंद्याचा पहिला नियम असा की थोर माणसाला शू लागते. त्याला बटणं कुठे द्यायची हे आधी ठरवायचं, इतिहास मागाहून बघायचा. दुसरा नियम, खाण्याची वस्तू हातात द्यायची नाही. आमच्या न्यूटनने झाडावरून पडायच्या आधीच सफरचंद खाऊन टाकलं होतं आणि गुरुत्वाकर्षणाचा शोध बियांवर लावला.

नेल्सन मात्र माझा आवडता. त्याचा उजवा हात लढाईत गेलेला. मी मुलाचा हात शर्टाच्या आत बांधायचे आणि रिकामी बाही छातीवर टाचायचे. एका वर्षी नेल्सनला दुसरं बक्षीस मिळालं. पोराने कप घ्यायला डावा हात पुढे केला, तशी मागच्या रांगेतून आई ओरडली, "उजव्या हाताने घे रे, उजव्या हाताने!" पोरगं आईच्या धाकातलं. त्याने बटणं तोडून लढाईत गेलेला हात सगळ्यांसमोर बाहेर काढला आणि नीट कप घेतला. एका गृहस्थांनी मला ऐकवलं होतं की वॉशिंग्टनने लहानपणी कुऱ्हाडीने झाड तोडलं ही गोष्ट मुळात कुणीतरी मागाहून रचलेली आहे. मी म्हटलं, असेना का रचलेली, माझी थर्माकोलची कुऱ्हाड खरी आहे.

या धंद्यात शिवणाइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे बोलणं. पोर स्टुलावर उभं असतं, अंगात टाचण्या, हललं की टोचणार. ते स्थिर राहावं म्हणून मी त्या थोर माणसाचं चरित्र सांगायचे, मराठीतून. पोरांना मराठी सगळं समजायचं, फक्त उत्तर इंग्रजीत यायचं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी मुलांची सचित्र चरित्रं आणली होती. अडखळत वाचायचे आणि अडेल तिथे माझ्या पदरचं घालायचे. घेर मोठा असेल तर चरित्र लांबायचं. कधी हेम, म्हणजे खालच्या काठाची दुमड, शिवून संपत नसेल तर वॉशिंग्टनला मी आणखी एक लढाई लढायला लावत असे. आणि शेवट नेहमी विजयापाशी. मरण कोणाचंच सांगायचं नाही, पोर हिरमुसतं आणि खांदे पाडतं, मग कोट बसत नाही.

त्या मिशीवाल्या लिंकनच्या आत समता होती. समता तायडे, तेव्हा दुसरीत. तिचे वडील विनोद तायडे अकोल्याकडचे, एका कारखान्यात टेक्निशियन. आई शोभा. पहिल्यांदा आले तेव्हा दारातच 'जय भीम, मावशी' म्हणाले. त्यांच्या घरी पहिल्यांदा चहा घेताना मी कपाकडे जरा जास्तच वेळ बघितलं होतं. शोभाने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी भाकरी आणि ठेचा घेऊन माझ्याकडे आली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. 'कॉस्च्युम डिझायनर'ची अक्कल एवढीच होती, त्यातली थोडी त्या दिवशी ठिकाणावर आली.

शोभाला मुलीसाठी झगा हवा होता.

"हिले राणी करा न मावशी. फुगा फुगा झगा शिवा."

"राणी-बिणी नाही," विनोद म्हणाला. "लिंकन. लाकडाच्या खोपटात जन्मला अन् गुलामांच्या बेड्या तोडल्या त्यानं."

"अन् दाढी लावता पोरीले?"

समताने दोघांकडे बघून निकाल दिला, "क्वीन्स जस्ट सिट, मम्मा." मग लिंकनच ठरला.

स्पर्धेला परीक्षक म्हणून एक इंग्रज बाई आल्या होत्या. त्यांनी समताला अगदी मायेने विचारलं की तू समुद्री चाचा आहेस का बाळा. समताने छाती पुढे काढून चारही वाक्यं बोलून दाखवली, खोपटापासून बेड्यांपर्यंत, एक शब्द चुकला नाही. बाई मिशीकडे बघत राहिल्या आणि त्यांना हसू आवरेना. मग सगळं सभागृह हसलं. बक्षीस सफरचंद खाल्लेल्या न्यूटनला मिळालं.

विंगेत मी तिची मिशी ओढून काढली तेव्हा ओठ लालभडक झाला होता. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "इट्स ओके, आंटी. ही वॉज शॉट एनीवे." त्याला शेवटी कोणीतरी गोळी घातली, हे तिने शाळेच्या लायब्ररीत वाचलं होतं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "यू डिडन्ट टेल मी दॅट."

मी म्हटलं, विसरले गो. विनोदने मात्र माझी लाज राखली. "जाऊ द्या मावशी, मिशीवाला लिंकन आमच्या अकोल्याचा समजा."

त्यानंतर ते घर माझं झालं. पुढच्या हिवाळ्यात शोभाचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग तपासण्या, मग तिला सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात ॲडमिट केलं. ऑपरेशन झालं. पोट उघडलं आणि फार काही न करता परत शिवलं, असं विनोदने मला जिन्यात सांगितलं. तो शिवलं म्हणाला आणि माझ्या हातातल्या सुई-दोऱ्याकडे बघत उभा राहिला. पोरीला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. समता शाळेतून थेट माझ्याकडे यायची, जेवायची, अभ्यास करायची, आणि संध्याकाळी विनोद दवाखान्यातून तिला घ्यायला यायचा.

स्पर्धेची नोटीस आली तेव्हा मीच हट्ट धरला. मिशीचं उट्टं काढायचं होतं मला. समता म्हणाली, ती नर्स होणार, दिवा घेऊन फिरणारी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. मी जीव ओतला. करड्या रंगाचा पायघोळ झगा, त्यावर पांढरा एप्रन, कमरेला बारीक चुण्या, डोक्याला झालरीची टोपी. बाजारातून रमझानला मिळतो तसा पितळी कंदील आणला, त्यात आमच्या ह्यांनी टॉर्चचा बल्ब आणि सेल बसवून दिले. भिंतीवर लख्ख उजेड पडायचा.

झग्याचा घेर मोठा, त्यामुळे हेम संपता संपेना. समता स्टुलावर उभी, हातात तो दिवा. मी सांगत होते. लढाईत जखमी झालेले सैनिक, अंधारा दवाखाना, आणि दिवा घेऊन खाटेखाटेपाशी जाणारी ती बाई. सैनिक तिच्या सावलीचं चुंबन घेत असत, हे पुस्तकात होतं. पुस्तकातलं तिथे संपलं आणि हेम अजून हातभर उरलं होतं. मग मी माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, ज्या खाटेवर तिची सावली पडायची, तो माणूस उठून बसायचा.

समता हलली. टाचणी टोचली असणार, पण तिने हूं केलं नाही.

"एव्हरीवन?"

"सगळे. एकूण एक."

"इव्हन द व्हेरी सिक वन्स?"

"तेच तर आधी उठायचे."

तिने दिवा खाली केला. "इज दॅट द फुल स्टोरी, आंटी? यू आर नॉट लीव्हिंग आउट द एन्ड?"

"पूर्ण गोष्ट आहे," मी म्हटलं. "शपथ. आता सरळ उभी राहा."

मला काय माहीत होतं? खरं सांगायचं तर काहीच माहीत करून घ्यायचं नव्हतं. मला फक्त सरळ हेम हवं होतं आणि पहिलं बक्षीस.

बक्षीस मिळालं, पहिलं. सभागृहातले दिवे मालवले होते, समता कंदील उंच धरून हळूहळू चालत आली, आणि कोणी हसलं नाही. मी मागे उभी राहून शेजारच्या बायकांना सांगत होते, चुण्या माझ्या हातच्या आहेत. कप हातात आल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, कपडे बदलायचे नाहीत, असंच मम्माकडे जायचं. मला वाटलं, आईला दाखवायचंय. मलाही दाखवायचंच होतं. आमच्या ह्यांनी गॅरेजच्या पिकअपमधून आम्हाला सलमानियाला सोडलं. दारावरच्या बहरीनी गार्डने तिला बघून सलाम ठोकला, "यल्ला, दक्तोरा!" म्हणजे चला, डॉक्टरीणबाई.

वॉर्डात दुपारची भेटायची वेळ होती, पण खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. दाराजवळच्या खाटेवर एक बहरीनी म्हातारी होती, हातावर मेंदीच्या जुन्या खुणा, नाकात नळी. तिने समताला हाताने जवळ बोलावलं. समताने दिवा आपल्या मागे स्टुलावर ठेवला, पुढे मागे सरकून जागा बघितली, आणि पायांपासून डोक्यापर्यंत आपली सावली त्या म्हातारीवरून सावकाश नेली. मला वाटलं, काय गोड नाटक करते आहे. केरळची सिस्टर हसली. म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला.

मग आईची खाट. शोभा उशीवर अशी होती की उशीच जास्त दिसत होती. "माय वो," ती म्हणाली, "किती सुंदर दिसून राहिली माही पोरगी." समताने दिवा मागे टेबलावर ठेवला आणि पायांकडून सुरुवात केली. सावली चादरीवरून चढत पोटापर्यंत आली, तिथे ती थांबली. तिथे जास्त वेळ लागणार असं तिने ठरवलं असावं.

तो दिवा मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेतल्या मुलीला द्यायचं कबूल केलं होतं. मी म्हटलं, "बस झालं आता समता. दिवा बंद कर, सेल संपतील. बस आईजवळ."

ती शहाणी मुलगी. तिने दिवा बंद केला आणि बसली. थोड्या वेळाने सिस्टर सलाइन बघायला आली तेव्हा तिने विचारलं, "व्हेन विल शी गेट अप?" सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. समतानेही माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं.

आजन्म तोंडाचा पट्टा चालवलेली बाई मी. मला म्हणता आलं असतं, बाळा, ती माझ्या पदरची गोष्ट होती. नाही म्हटलं. बहरीनमध्ये राहून एक शब्द शिकले होते, ज्याने कुठलाही प्रश्न पुढे ढकलता येतो. मी म्हटलं, "इंशाल्ला." समताने मान हलवली, जणू तारीख ठरली.

दिवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फ्लॉरेन्सकडे गेला. छान पेटला म्हणे. सेल पुरले.

ती दाराजवळची म्हातारी बरी झाली. मुलं-सुना, नातवंडं असा गोतावळा येऊन तिला घरी घेऊन गेला. जाताना तिने समतासाठी खजुराचा डबा ठेवला. समता तो डबा माझ्याकडे घेऊन आली, उघडला नाही, आणि शाळेच्या दप्तराशेजारी ठेवून रोज विचारू लागली, आज मम्मा बसली का. मी रोज काहीतरी शिवत असायचे. खाली मान घालायला शिवणासारखं काम नाही.

शोभा गेली तेव्हा समता शाळेत होती. विनोदला आणि मला जे बोलायचं होतं ते आम्ही एकमेकांवर ढकललं आणि शेवटी दोघांनीही सांगितलं नाही. तिने आमच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती रडली नाही. दप्तर खाली ठेवलं आणि विचारलं, मम्मा आता कुठे आहे. शोभाला विमानाने गावी न्यायचं ठरलं. विनोदने नोकरी सोडायचं ठरवलं, दोघंही तिच्याबरोबर जाणार होते.

परवा माझ्या नातीने कॉम्प्युटरवर त्या नाइटिंगेलबाईंचं सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या दवाखान्यात पहिल्या हिवाळ्यात माणसं भराभर मेली. इमारतीखालची गटारं तुंबलेली होती. दिवा घेऊन ती बाई फिरत होती आणि खाटा रिकाम्या होत होत्या. ते का झालं हे तिला मागाहून उमगलं, आणि पुढची कित्येक वर्षं ती स्वतःच अंथरुणाला खिळून होती. ही पूर्ण गोष्ट. समताने मला हीच मागितली होती. ही सांगितली असती तर झगा कसा बसला असता कोण जाणे, पण पोरीला निदान सोबत मिळाली असती, त्या बाईची.

शोभा गेल्यानंतर मी फॅन्सी ड्रेस घेतले नाहीत. पिको-फॉल केलं. त्याला गोष्ट लागत नाही.

निघायच्या दिवशी समता एकटीच वर आली. विनोद खाली टॅक्सीत सामान चढवत होता. तिच्या हातात झगा होता, धुऊन, घडी घालून, वर टोपी. मी म्हटलं, तुझाच आहे तो, ठेव. तिने मान हलवली आणि घडी मशीनवर ठेवली. मग म्हटलं, तुला काही खायला देऊ का. नको. मला वाटलं, आता इंग्रजीत काहीतरी बोलेल, थँक यू वगैरे, आणि जाईल. इतक्या दिवसांत ती माझ्याशी कधी मराठीतून बोलली नव्हती, मला मावशीही म्हणाली नव्हती. दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि वळून अगदी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"मावशी, त्या आजीवर माझी सावली पूर्ण पडली होती. आईवर अर्धीच पडली."